धावणारे आणि बसलेले

चौथ्या मजल्यावर मला पायरीवर बसकण मारावी लागली, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. लिफ्ट बंद होती. तिच्या दाराला कुणीतरी पुठ्ठा अडकवला होता आणि त्यावर नुसतं 'नाही' असं लिहिलं होतं. का नाही, कधीपर्यंत नाही, याचा पत्ता नाही. आम्ही दोघं सकाळचं फिरून, दूध आणि पाव घेऊन परतलो होतो, आणि आमचं घर सहाव्या मजल्यावर. मी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. आजारातून उठल्यापासून वर्षभर तो एकदाही जिना चढून घरी गेला नव्हता. म्हणजे मी चढू दिलं नव्हतं. "बाकावर बसू या, येईल दुरुस्तीवाला," असं मी म्हणेपर्यंत हा पहिल्या वळणावर पोचलासुद्धा, आणि वर चढता चढता बोलायला लागला. विषय फुटबॉलमधल्या ऑफसाइडचा. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली आणि हा नियम मला न समजायलाही तेवढीच. माणूस पाय लवकर टाकून चुकीच्या जागी उभा राहिला तर तो गुन्हा, पण चेंडू आधीच निघाला असेल तर नाही, आणि तो मागचा दुसरा बचाववाला कुठे आहे त्यावर सगळं. मी ऐकत होते ते नियमासाठी नाहीच. वाक्य कुठे तुटतंय, शब्दांच्या मध्ये कुठे हवा भरली जातेय, दुसऱ्या मजल्यावर आवाज जड झाला का, तिसऱ्यावर खोकला दडपला का, हे ऐकत होते. माझा धंदाच तो. बोलता येतंय तोवर श्वास पुरतोय, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. आणि तो बोलत होता. तिसऱ्यानंतर तर त्याने हातवारे करून बचाववाला कुठे उभा असतो तेही दाखवलं, दुधाच्या पिशवीसकट. चौथ्यावर माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले, कठडा हातात आला आणि मी बसले.

"काय गं, दम लागला?" त्याने वळून विचारलं. आवाजात काळजी होती, अगदी खरी. पण त्या काळजीच्या खालून, काही केल्या न लपणारा, चक्क आनंद डोकावत होता. मला रागही आला आणि त्या आनंदाचा हेवाही वाटला. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "अगंबाई! पाणी आणू का? आणि आजारी तुम्ही होता की हे होते?" "आता पाळी बदलली आहे आमची," नवरा म्हणाला. बाईंना हा विनोद इतका आवडला की पाणी आणायला जाताना त्या तो स्वतःशी पुन्हा म्हणत गेल्या. तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. पाणी आलं, मी प्यायले, आणि मग पेला परत देऊन दार लागल्यावर, समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आज चारला सामना आहे. फायर ब्रिगेड आणि पोस्ट. सगळे चाळिशी ओलांडलेले. धावतात कमी, भांडतात जास्त. त्यांना रेफरी हवाय." मी पर्स मांडीवर ओढून घेतली. "माझी शिट्टी तुझ्या पर्समध्ये आहे ना?" "आहे." "मला ठाऊक होतं. मागणार नाही मी. आणून दिलीस तर मैदानात मध्ये उभा राहीन. नाही आणलीस तर झेंडा घेऊन कडेला. कडेलाही कुणीतरी लागतंच." असं म्हणून तो उठला, मला हात दिला आणि उरलेले दोन मजले आम्ही चढलो, तो माझ्यासाठी सावकाश.

नवी शिट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. दोन चहांच्या किमतीत मिळते. त्याने ती घेतली नाही, मित्राची मागितली नाही, आणि वर्षभर माझ्या पर्सकडे बघून एक शब्द काढला नाही. हा माणूस शाळेत कवायत शिकवतो, सुट्टीच्या दिवशी सामने खेळवतो आणि घरी निर्णय हातांच्या खुणांनी देतो. भांडणात माझं चुकलं असेल तर एक हात वर करून उभा राहतो. त्याचं चुकलं असेल तर खेळ पुढे चालू ठेवा अशी खूण करतो. गेल्या वर्षी अंगात ताप असताना तो एक अख्खा सामना धावला. शेवटची शिट्टी वाजवली, दोन्ही कप्तानांशी हात मिळवले आणि कपडे बदलायच्या खोलीत खाली कोसळला. दोन्ही फुप्फुसं भरलेली. हॉस्पिटलमध्ये त्याच्या अंगावरच्या वस्तू मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या: घड्याळ, अंगठी, चष्मा, शिट्टी. घरी आल्यावर मी घड्याळ दिलं, अंगठी बोटात घातली, चष्मा नाकावर ठेवला. शिट्टी राहिली. विसरले असं म्हणायची सोय होती, पण रोज बसचा पास काढताना ती बोटाला लागायची आणि मी ती पुन्हा तळाशी ढकलायची. आजही लॅबला जाताना बसमध्ये खिडकीशी बसून मी तेच केलं. बाहेर रस्ता धुणारी गाडी जात होती, एक माणूस दुकानाचं शटर खांद्याने वर लोटत होता, आणि मला माझ्या छातीत अजूनही काहीतरी आखडलेलं वाटत होतं. चार मजले! मी काही खेळाडू नाही, पण चार मजले म्हणजे काय डोंगर? गेल्या आठवड्यात संस्थेचा जिना मी फाइलींचा गठ्ठा घेऊन चढले होते आणि ढिम्म काही झालं नव्हतं.

माझी लॅब श्वासाच्या स्नायूची. छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटासारखं ताणलेलं असतं ते श्वासपटल. ते खाली दबलं की हवा आत, सैल झालं की बाहेर. लोक हृदयाची एवढी कौतुकं करतात आणि या बिचाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून तरुणपणी मी त्याची बाजू घेतली आणि मग तिथेच राहिले. स्नायूच्या प्रत्येक तंतूत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत कॅल्शियम साठवलेलं असतं. हुकूम आला की पिशव्या उघडतात, कॅल्शियम बाहेर सांडतं, तंतू आवळला जातो. इथवर सगळ्यांना माहीत असतं, निदान परीक्षेपुरतं. पण तंतू पुन्हा सैल व्हायचा तर सांडलेलं कॅल्शियम पिशव्यांत परत ओढून घ्यावं लागतं, आणि ते ओढणारे पंप फुकटात राबत नाहीत. आवळायला शक्ती लागते हे शेंबड्या पोरालाही कळतं. सोडायलाही लागते, हे पटवायला मला दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे घसा कोरडा करावा लागतो. फार जोरात धावलं की हे पंप मंदावतात. थकला म्हणजे धरता येईना, असं आपण समजतो. पुष्कळदा वेळेवर सोडता येत नसतं. पायाच्या स्नायूचं एक वेळ चालून जाईल, त्याला बाकावर बसता येतं. श्वासपटलाला बसायची मुभाच नाही. आधीचा श्वास सुटला तरच पुढचा येणार. आम्ही तंतूंत असा रंग भरतो की कॅल्शियम बाहेर आलं की तो उजळतो, आणि आत गेलं की मावळतो. पडद्यावर उजेडाची रेघ झर्रकन वर चढते आणि मग उतरते. चढण सगळ्यांचीच उभी असते, तिचं मला काही वाटत नाही. मी आयुष्यभर उतरण बघत आले. उभी उतरण म्हणजे पंप ताजे. लांबलेली, रेंगाळलेली उतरण म्हणजे पंप दमलेले. नवऱ्याच्या भाषेत, तू उतारवयाची तज्ज्ञ.

"मॅडम, बघितलंत? आजही तेच!" मी ॲप्रन घालते न घालते तोच घाई पुढ्यात उभी. ही माझी विद्यार्थिनी. खरं नाव चांगलं तीन अक्षरी आहे, पण सगळी लॅब तिला घाई म्हणते आणि तीही हाकेला ओ देते. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक धावलेल्या उंदरांच्या श्वासपटलाची आणि एक बसलेल्यांच्या, आणि त्या एकमेकींवर अशा चपखल बसल्या होत्या की दोन आहेत हे सांगावं लागावं. आमचा प्रयोग साधा आहे. काही उंदीर मोटारीच्या फिरत्या पट्ट्यावर जोरात धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. काही धावत नाहीत. मग दोघांनाही झोप देऊन स्नायू काढून घेतात. या कामाची मला सवय झाली आहे असं मी म्हणते, आणि ते पूर्ण खरं नाही. धावलेल्यांच्या पायांच्या स्नायूंत उतरण लांबते, बसलेल्यांच्या पायांत उभी राहते. तिथे सगळं पुस्तकाप्रमाणे. श्वासपटलात मात्र काही फरकच नाही. "म्हणजे श्वासपटलाला धावण्याचं काही वाटतच नाही!" घाई म्हणाली. "पठ्ठ्या थकतच नाही! आपण आजच परिषदेला पाठवू या ना मॅडम." "दमाने घे." "मॅडम, तुम्ही गेला महिनाभर दमाने घ्या म्हणताय." खरं होतं ते. महिनाभर माझं मन त्या दोन रेघांवर बसत नव्हतं. न थकणारा स्नायू मी अजून पाहिलेला नाही. हॉस्पिटलमध्ये तर मी उलटंच पाहिलं होतं: यंत्र श्वास घेऊ लागलं की याला कामच उरत नाही, आणि काम नसलं की हा बघता बघता झिजतो. बसवून ठेवलं तरी बिघडतो, फार पळवलं तरी बिघडतो. अवघड जागेचं दुखणं नुसतं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी नणंद. तिच्या दादाच्या बाबतीत तिला बातम्या कोण पुरवतं हे कोडं मला सुटलेलं नाही. "वहिनी, दादा आज धावणार आहे म्हणे! तुम्ही नको म्हणा हं. तुमचंच ऐकतो तो." "ऐकतो म्हणूनच तर सांगायची भीती वाटते." "हे काय उत्तर झालं? अहो, तेव्हा काय झालं होतं, विसरलात?" मी विसरले नव्हते, आणि तिला ते माहीत होतं, म्हणून ती लगेच वरमली. "बरं, तो चढला म्हणे सहा मजले?" "चढला." "आणि?" "आणि ऑफसाइड समजावला." पलीकडे खुदकन हसू. "समजला का?" "नाही." फोन ठेवल्यावर मी पर्स टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला. मग पुन्हा उघडून बघितलं. या वयात माणसाने स्वतःच्या पर्सला घाबरावं म्हणजे काय! खरं सांगायचं तर मला शिट्टी द्यायची नव्हती. कारणं माझ्याकडे रग्गड होती, सगळी शास्त्रशुद्ध. आणि दुसरीकडून सकाळपासून एकच चित्र समोर येत होतं, दुधाची पिशवी बचाववाल्यासारखी उभी धरून जिन्यात वळलेला तो, आणि त्याचा तो आनंद. तो झेंडा घेऊन कडेला उभा राहिला असता, कुरकुर न करता. संध्याकाळी घरी येऊन मला सामन्याची हकिकत सांगितली असती, तीही हसत हसत. त्या हसण्याची मला धास्ती वाटत होती.

कामाला लागावं म्हणून मी घाईबरोबर खाली उंदरांच्या खोलीत गेले. खोलीत लाकडाच्या भुश्शाचा वास, खालच्या बाजूला मोटारीची घरघर. पट्ट्याला शेजारी शेजारी रांगा आहेत, मध्ये पारदर्शक पडदी. धावणारे चालू रांगांत, बसणारे बाजूच्या बंद रांगांत. ही पद्धत माझीच, खूप वर्षांपूर्वीची, आणि तिचा मला अभिमान आहे: दोन्ही गटांना तीच खोली, तोच आवाज, तोच वास, तोच उजेड मिळावा, फरक फक्त धावण्याचा उरावा. घाईने पट्टा सुरू केला. धावणारा उंदीर धावू लागला, कान मागे, पाय दिसेनासे. मी मात्र आज बसलेल्याकडे बघत राहिले. का, ते सांगता येत नाही. सकाळपासून बसलेल्यांबद्दल मला आपुलकी वाटत होती एवढंच. तो पांढरा गोळा पडदीला नाक लावून अगदी स्थिर बसला होता. पाय हलत नव्हते, शेपटी हलत नव्हती. मी वाकले. मग झाकण उघडून त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि तळव्याखाली त्याच्या बरगड्या शिलाई मशीनच्या सुईसारख्या चालल्या होत्या. शेजारचा धावत होता आणि हा त्याच्यासाठी श्वास घेत होता. घाबरून असेल, मोटारीच्या थरथरीने असेल, कशाने असेल ते असो. त्याचे पाय विसाव्यात होते आणि श्वासपटल मात्र शर्यतीत. या बसलेल्यांची उतरण म्हणजे विसाव्याची उतरण, असं आम्ही धरूनच चाललो होतो. दोन रेघा सारख्या आहेत हे पाहिलं, पण दोन्ही लांबलेल्या आहेत का, हे विचारलंच नाही. मापाच्या पट्टीला कोण मापतो? सगळं सारखं ठेवण्याच्या नादात मी एकाचा दम दुसऱ्याला लावून ठेवला होता. मी वाकून, कान जवळ नेऊन, त्या इवल्या छातीचा आवाज येतो का ते बघत होते.

"मॅडम," घाई म्हणाली. "मॅडम, श्वास घ्या ना." "काय?" "तुम्ही केव्हाचा श्वास रोखून धरलाय. लाल झालात. तुम्ही नेहमीच करता असं, काही नीट ऐकायचं असलं की." मी सरळ उभी राहिले आणि श्वास घेतला, आणि तो भसकन असा आत आला की उंदीर दचकला.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी नवऱ्याचं श्वासाचं यंत्र थोडा वेळ बंद करत. स्वतःचा श्वास स्वतः घ्यायचा सराव. नर्स कळ दाबायची आणि खोलीतला तो सगळा हुश्श-हुश्श आवाज एकदम थांबायचा, आणि मी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन उभी राहायची. स्वतःचा श्वास चालू असेल तर दुसऱ्याचा ऐकू येत नाही, फार हळू असेल तर मुळीच नाही. म्हणून मी माझा थांबवायची. त्याचा आला की मग मी घ्यायची. तिथे ते योग्यच होतं, कुणीही तेच केलं असतं. पण यंत्र गेलं, हॉस्पिटल गेलं, तो घरी आला, दाढी करू लागला, शाळेत कवायत शिकवू लागला, आणि मी मात्र कान लावून उभीच. तो पेपर वाचताना, तो अंघोळ करताना दाराबाहेरून, तो झोपला असताना तर विचारूच नका. आणि आज चार मजले, ऑफसाइडच्या नियमाच्या प्रत्येक विरामात, मी श्वास थांबवून ऐकत चढले होते. जिना चढताना! श्वासपटलावर निम्मं आयुष्य घालवलेली बाई, जिना चढताना श्वास घ्यायचा असतो हे विसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याला काही झालं नव्हतं. तो बरा होता. तो केव्हापासून बरा होता कोण जाणे, आणि मी त्याच्या शेजारी बंद रांगेत बसून धावत होते. मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणीही आलं, पण ते हसण्याच्या मागून आलं, आणि घाईला वाटलं की मी तिच्या निष्कर्षाला हसतेय.

"बसलेल्यांना इथून हलवायचं," मी तिला म्हटलं. "वरच्या मजल्यावर, शांत खोलीत. धावणारे दिसता कामा नयेत, ऐकू येता कामा नयेत. पुन्हा पहिल्यापासून." तिचा चेहरा पडला. "सगळं?" "सगळं." तिने बंद रांगेत हात घालून स्वतः बघितलं, बराच वेळ, आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या. मग ती म्हणाली, "मॅडम, कदाचित तसं नसेलही." "नसेलही. म्हणून तर पुन्हा." "मग परिषद?" "परिषद कुठे पळून जात नाही." घाईला हे पटलं नाही, पण ती उंदराला ओंजळीत घेऊन जिन्याकडे निघाली, आणि प्रथमच मी तिला एक एक पायरी जपून चढताना पाहिलं. मी वर जाऊन खणातली पर्स काढली. शिट्टी तळाशीच होती, तिच्या दोरीत बसचं जुनं तिकीट आणि केसांची पिन गुंतलेली. ती सोडवायला वेळ लागला. सोडवण्याचं काम मला तसं सवयीचं असूनही. मला अजूनही भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगू. श्वास घेऊन बघितला तर ती भीती होती त्या जागीच होती, फक्त तिच्या बाजूला आता थोडी जागा झाली होती.

मैदान बसच्या शेवटच्या थांब्याजवळ आहे, एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला गोदामाची लांब भिंत. मी पोचले तेव्हा पोस्टवाले गुडघ्यांना पट्टे बांधत होते आणि फायर ब्रिगेडवाले एका टकल्या गोलकीपरची चेष्टा करत होते. नवरा काळा सदरा घालून कडेच्या रेघेवर उभा होता. हातात झेंडा होता. त्याने मला बघितलं आणि झेंडा खाली केला, पण पुढे आला नाही. मागणार नाही म्हणाला होता ना. मी गेले आणि शिट्टी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती सदऱ्याला पुसली, आत फुंकर मारून बसच्या तिकिटाचा कपटा उडवला आणि एकदा, अगदी हलकेच, वाजवून बघितली. "तू थांबणार?" "थांबते." "मग इकडे रेघेच्या बाहेर. आत यायचं नाही." "मला नियम माहीत आहेत." "तेवढा एक सोडून," तो म्हणाला, आणि धावत मधोमध गेला. मी त्याच्या धावण्याकडे बघितलं, आणि मुद्दाम, शाळेतल्या पोरीसारखा, नाकाने मोठा श्वास आत घेतला.

चेंडू जवळ असेपर्यंत सगळं ठीक होतं. तो जवळून जायचा तेव्हा बुटांचा आवाज यायचा, कुणाला तरी "हात खाली, साहेब" म्हणालेलं ऐकू यायचं. मग पोस्टवाल्यांनी एक लांब चेंडू मारला, सगळा घोळका पलीकडच्या गोलकडे गेला, आणि त्यांच्यामागून तो. मैदान केवढं मोठं असतं ते मला तेव्हा कळलं. इथून त्याचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिकडे कुणीतरी पडलं, चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला, आणि तो वाकला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. मी बघत होते. त्याची पाठ वरखाली होत होती, जोरात. सरळ हो, सरळ हो आता. तो सरळ होईना. माझ्या कानात तो हुश्श-हुश्श आवाज थांबल्यासारखं झालं. नंतरचं मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की तो सरळ झाला, कपाळ बाहीला पुसलं, सवयीने मैदानावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी रेघेच्या आत होते. नुसती आत नाही, चांगली पाच-सहा पावलं आत, हातात पर्स धरून. त्याने शिट्टी फुंकली. लांब, खणखणीत, एका श्वासात मावणार नाही इतकी लांब. मग तो चालत नाही, धावत आला, अख्खं मैदान कापून, माझ्यासमोर उभा राहिला, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि हात ताठ वर केला. क्षणभर कुणाला काही कळेना. मग टकला गोलकीपर एवढ्या मोठ्याने हसला की सगळं फायर ब्रिगेड हसू लागलं, आणि पाठोपाठ पोस्ट. नवऱ्याचा चेहरा मात्र रेफरीचा होता, अगदी गंभीर. फक्त छाती जोरजोरात चालली होती, आणि मी ती इतक्या जवळून बघितली: भात्यासारखी भरत होती आणि, देवा, किती छान रिकामी होत होती. "बाहेर," तो म्हणाला. "पुढच्या वेळी लाल."

मी मागे गेले. एक एक पाऊल, तोंड त्याच्याकडे ठेवून, रेघ ओलांडेपर्यंत. तिथे उभी राहिले आणि पर्स खाली गवतावर ठेवली. वर्षभरात प्रथमच ती हलकी लागली. खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने फायर ब्रिगेडने गोल केला, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि तिकडे त्याने हात वर करून तो नामंजूर केला. ऑफसाइड. कोण कुठे उभा होता, चेंडू कधी निघाला, मागचा दुसरा बचाववाला कुठे होता, मला काडीचंही कळलं नव्हतं. तीस वर्षांत मी त्याच्या एकाही निर्णयावर मैदानात तोंड उघडलं नव्हतं. बायकोला ते शोभत नाही असं मला वाटायचं. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "ए रेफरी, चष्मा बदल!" आवाज पलीकडच्या गोलपर्यंत पोचला असावा. तो वळला नाही, पण हसला. पाठीवरून कळतं मला.